सासूबाई गाडीत आहेत

डॉक्टरांनी ती गाडी घेतली तेव्हा घरात कुणी हो म्हणालं नव्हतं आणि नाहीही म्हणालं नव्हतं. बायकोनं खिडकीतून खाली बघितलं आणि विचारलं, "एवढी?" डॉक्टर म्हणाले, "हो." विषय तिथेच संपला.

डॉक्टर दातांचे. अंगानं किरकोळ, आवाजानं त्याहून किरकोळ. इतकी वर्षं त्यांनी वाटाण्याहून लहान भोकांत डोकावण्यात घालवली होती. दवाखान्यात दिवसभर यंत्राची सुंईसुंई, कॉम्प्रेसरची धडधड आणि चुळा भरल्याचे आवाज. घरी आलं की दोन खोल्या आणि चार माणसं. बायको एका प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिथला सगळा दिवस ती घरी आल्यावर पुन्हा एकदा, मोठ्यानं, जगत असे. लेक पाठ करायची ते खणखणीत आवाजात, नाहीतर म्हणे डोक्यात राहत नाही. चौथ्या सासूबाई. त्यांच्या भाड्याच्या घराच्या मालकानं घर परत मागितलं, म्हणून त्या दोन वर्षांपूर्वी लेकीकडे राहायला आल्या होत्या. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर त्या झोपत. सगळे झोपायला गेल्याशिवाय त्यांना आडवं होता येत नसे आणि सगळ्यांच्या आधी उठून अंथरूण गुंडाळावं लागे. त्याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. मुळातच त्या कमी बोलत. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली होती. त्यांच्या वाट्याचं बोलणं दुसऱ्यांनीच बोलून टाकलं असावं.

गाडी एका खाणवाल्या ठेकेदाराची. जुनी, पण हाडापेरानं मजबूत. आत बसायला तीन ओळी, आणि बॉनेट एवढं लांबरुंद की पुढच्या चाकाजवळ काय चाललंय ते चालवणाऱ्याला फक्त मानून चालावं लागे. इमारतीच्या पार्किंगमध्ये ती मागून भिंतीला टेकवली तरी तिचं नाक पिवळ्या पट्ट्याबाहेर हातभर यायचं. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर रोज त्या नाकाला वळसा घालून जात आणि जाताना खोकत. त्यांना खोकल्याचा त्रास नव्हता.

ती चालवणं हेही एक प्रकरण होतं. कोपरा यायच्या कितीतरी आधीपासून वळण्याची तयारी करावी लागे. ब्रेक दाबला की गाडी आधी विचार करी, मग थांबे. मंडईच्या रस्त्यात डॉक्टर एकदा शिरले आणि मग बाहेर पडेपर्यंत निम्म्या मंडईनं त्यांना "आणा, आणा, आता तोडा" असं सांगितलं. घरी आल्यावर बायकोनं भाजी विचारली. भाजी आणायला गेलो होतो हे डॉक्टर विसरून गेले होते.

तरीही त्यांना गाडी आवडायची. तिच्यातून डोंगरात जायचं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी त्यांनी ती गॅरेजवाल्याकडे नेली. या गॅरेजवाल्याला सगळे सायलेन्सर म्हणत, कारण तो अखंड बोले. डोंगर हा शब्द ऐकल्यावर सायलेन्सरनं गाडी चार बोटं उंच करायची असं ठरवून टाकलं. जाड स्प्रिंगा आल्या, मोठे शॉकअप आले, दातेरी मोठे टायर आले. डॉक्टर काम बघायला जात तेव्हा तो गाडीखालून बोलत राही, आणि त्याचे नुसते पाय बघून हो हो म्हणत डॉक्टर परत येत. गाडी तयार झाली तेव्हा ती दिसायला अशी झाली की सायलेन्सर स्वतःही दोन मिनिटं गप्प राहिला. चाकं मोठी झाल्यामुळे वेगाचा काटा खरा आकडा दाखवेनासा झाला आणि वळणावर गाडी उंटासारखी कलायला लागली. शिवाय डॉक्टरांना दार उघडून आत चढताना एका हातानं सीट धरून स्वतःला ओढून घ्यावं लागे. पण डोंगरात जायला ती आता तयार होती.

डोंगरात जाणं काही झालं नाही. कधी लेकीची परीक्षा, कधी बायकोची रजा नामंजूर. गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली. डॉक्टर दवाखान्यात चालतच जात, कारण तो पलीकडच्याच रस्त्यावर होता आणि तिथे गाडी लावायला जागा नव्हती. मात्र संध्याकाळी परतताना ते थेट वर जात नसत. गाडीत चढून थोडा वेळ स्टिअरिंगमागे बसत. इंजिन लावत नसत, रेडिओ लावत नसत. दार बंद झालं की धप्प असा जाड आवाज येई आणि मग काहीच ऐकू येत नसे. त्यासाठीच आपण ही गाडी घेतली, असं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही जेमतेम सांगितलं होतं.

मग एकदा सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. रखवालदारानं आपलं लाकडी स्टूल दिलं, त्यावर पाय देऊन, एका बाजूनं जावई आणि एका बाजूनं रखवालदार असं करून सासूबाईंना मधल्या ओळीत चढवण्यात आलं. तपासणी झाली. परत आल्यावर डॉक्टर स्टूल आणायला निघाले, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे डॉक्टर. मी बसते जरा." डॉक्टरांना वाटलं, डोळ्यांत औषध घातलंय, चुरचुरत असेल. ते वर गेले. सासूबाई दिवेलागणीला वर आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी किल्ली मागितली. तिसऱ्या दिवशी मागितली नाही, खुंटीवरून घेतली. आठवडाभरात सगळं बसून गेलं. दुपारचं जेवण झालं की सासूबाई लिफ्टनं खाली जात, रखवालदार स्टूल लावी, त्या मधल्या ओळीत चढत आणि दार ओढून घेत. धप्प. मांडीवर पुस्तक, शेजारी पाण्याची बाटली, पायावर शाल. कुणी फोनवर त्यांना विचारलं तर लेक सरळ सांगे, "आजी गाडीत आहे." पलीकडचा माणूस विचारी, कुठे निघाल्यात? लेक सांगे, "कुठे नाही."

अडचण झाली ती डॉक्टरांची. संध्याकाळी ते आले की गाडीत सासूबाई. पहिले काही दिवस ते नुसते काचेतून मान हलवून वर निघून गेले. वर पाठांतर चाललेलं असे आणि प्रयोगशाळेतल्या साहेबांची नक्कल चाललेली असे. एका संध्याकाळी ते गाडीजवळ नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळले. टायर बघितल्यासारखं केलं, आरसा पुसला. सासूबाईंनी काच खाली केली.

"बसायचं असेल तर बसा," त्या म्हणाल्या. "मी काही बोलणार नाही."

डॉक्टर पुढे बसले. सासूबाई खरंच काही बोलल्या नाहीत. त्या पानं उलटत होत्या तेवढाच आवाज. नंतर दोघं एकाच लिफ्टनं वर गेले, आणि त्या दिवसापासून हेही बसून गेलं.

थोड्या दिवसांनी गाडी चालू होईना. वाचायला म्हणून सासूबाई छतावरचा दिवा लावत. त्या दिव्यानं बॅटरी पार उतरवली होती. सायलेन्सर आला, दुसऱ्या बॅटरीची तार जोडून गाडी चालू केली, आणि चालू होताच खाली वाकून टायरांना हात लावत त्यानं अर्धा तास डॉक्टरांना ऐकवलं. एवढं वजन एकाच जागी उभं ठेवलं तर टायर एका बाजूनं बसतात, मग रस्त्यावर गाडी ठुकठुक उडते. ब्रेकच्या चकत्यांवर गंज धरतो. तेल खाली उतरून बसतं, रबरं सुकतात. शिवाय उंदीर वायरी खातात, त्यांना हल्लीच्या वायरी फार आवडतात. आठवड्यातून एकदा तरी गाडी चांगली तापेपर्यंत फिरवायला पाहिजे.

तेव्हा दर रविवारी सकाळी फेरी सुरू झाली. सासूबाई अर्थातच आत असत. त्यांना उतरवा आणि पुन्हा चढवा, एवढा खटाटोप कोण करणार. डॉक्टरांनी सायलेन्सरकडून दाराखाली एक रुंद पायरी आणि आत धरायला मूठ बसवून घेतली. गाडी दणकट दिसावी म्हणून बसवली, असं त्यांनी घरी सांगितलं. मागे एक वेगळी लहान बॅटरी आणि तिच्यावर चालणारा वाचायचा दिवाही आला. डोंगरात मुक्काम करताना लागतो म्हणे. सासूबाईंनी पायरी बघितली, मूठ धरून बघितली, आणि रखवालदाराचं स्टूल त्याला परत दिलं.

गॅरेजमध्येही त्या उतरत नसत. एकदा गाडी खालून बघायची होती. सायलेन्सरनं खांबांच्या यंत्रावर गाडी घेतली आणि म्हणाला, मावशींना खाली घ्या. सासूबाईंनी पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, वजनानं काही बिघडणार आहे का. सायलेन्सरनं त्यांच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि त्याला नाही म्हणावं लागलं. मग गाडी वर गेली. सासूबाई माणसाच्या डोक्यापेक्षा उंचावर, खिडकीत, चष्मा लावून वाचत बसल्या आणि खाली सायलेन्सर एकेक भाग ठोकत डॉक्टरांना दुखणी सांगत राहिला. दुसऱ्या गाडीचं काम घेऊन आलेला एक गृहस्थ बराच वेळ वर बघत उभा होता. शेवटी त्यानं सायलेन्सरला हळूच विचारलं, त्या कोण. सायलेन्सर म्हणाला, गाडीतल्या आहेत.

बायकोच्या लक्षात सगळं येत होतं. ती बोलकी असली तरी खुळी नव्हती. एका संध्याकाळी डॉक्टर आणि सासूबाई लिफ्टमधून बाहेर पडले, तर ती दारातच उभी होती. त्या रात्री जेवताना ती एक शब्द बोलली नाही, आणि त्या घरात असं पूर्वी झालं नव्हतं. पानं उचलल्यावर तिनं सांगितलं की गाडी विकायची. इंजिनियर लेखी तक्रार करणार आहेत. डोंगर कुठे पळून चाललेले नाहीत, पण आपणही तिकडे चाललेलो नाही. आणि खरं कारण तिनं सगळ्यात शेवटी, भांडी आवरता आवरता, डॉक्टरांकडे पाठ करून सांगितलं.

"माझी आई आणि माझा नवरा. दोघंही घरी यायचं टाळतात आणि खाली जाऊन एकत्र बसतात. मी काय समजायचं?"

डॉक्टरांकडे याचं उत्तर होतं, पण ते मोठ्यानं म्हटलं तर फार वाईट ऐकू आलं असतं. म्हणून त्यांनी गाडी विकायला हो म्हटलं.

गाडी बघायला एक रोपवाटिकावाला आला. गावाबाहेर त्याची रोपवाटिका होती. खतं, माती, कुंड्या आणि कामाची माणसं चढावरून न्यायची होती. मोठा, संथ माणूस. बूट दाराशी पुसूनच तो पार्किंगमध्ये शिरला. डॉक्टरांनी किल्ली काढली आणि जरा अवघडून सांगितलं, "सासूबाई गाडीत आहेत." तो म्हणाला, "असू द्या."

तिघं निघाले. रोपवाटिकावाला चालवत होता, डॉक्टर शेजारी, सासूबाई मागे. बाहेरच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं विचारलं, कशी आहे गाडी, काही काम निघतंय का. डॉक्टर म्हणाले, तशी ठीक आहे.

"मागचा उजवा शॉकअप गळतोय," मागून आवाज आला. "बदलायचा ठरला होता. बदललेला नाही."

रोपवाटिकावाल्यानं आरशात बघितलं. सासूबाई पुस्तकात बघत होत्या. त्यानं वेग वाढवला आणि काट्याकडे बघून म्हणाला, छान पळते. मागून आवाज आला की काट्यावर जाऊ नका, चाकं मोठी बसवलीत, काटा कमी दाखवतो. पुढच्या चौकात कळलं की इंजिन गार असताना दुसरा गिअर अडतो. चढावर कळलं की पाण्याची एक नळी तात्पुरती बांधलेली आहे. परत फिरताना कळलं की पाठीमागच्या दारातून पावसाचं पाणी आत येतं, तिथे त्या टॉवेल ठेवतात, टॉवेल हिरवा आहे. एकाही वाक्यात कुरबूर नव्हती की सल्ला नव्हता. इतके महिने गाडीत बसून जे जे कानावर पडलं ते त्या विचारल्याप्रमाणे जोडून देत होत्या. डॉक्टर समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. आपण स्वतः तोंड उघडून खुर्चीत पडलो आहोत आणि कुणीतरी एकेक दात मोजतं आहे असं त्यांना झालं.

पार्किंगमध्ये गाडी लागल्यावर रोपवाटिकावाला मागे वळला. "आजी, आणि चांगलं काय आहे?"

सासूबाईंनी यावर बराच विचार केला. "आत बाहेरचं ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

विचार करून सांगतो म्हणून तो गेला. डॉक्टरांनी हे वर जाऊन सांगितलं, आणि बायको चपला घालून थेट खाली आली. पायरीवर पाय देऊन, मूठ धरून, पहिल्यांदाच ती मधल्या ओळीत चढली आणि आईशेजारी बसली. डॉक्टरही तिच्या मागोमाग येऊन पुढे बसले होते. उतरावं की बसावं हे त्यांना ठरवता येईना, तेवढ्यात दार बंद झालं. ते समोरचा आरसा नीट करायला लागले. आरसा नीटच होता.

बायकोनं आईला विचारलं की हे मुद्दाम केलंस का. सासूबाई म्हणाल्या की त्यानं विचारलं, मी सांगितलं. मग बायको पुष्कळ बोलली. घरात काय कमी पडतं, मी कधी तुला काही म्हटलं का, लोकांना काय वाटत असेल. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना ऐकायची सवय होती.

"घर चांगलं आहे तुझं," त्या म्हणाल्या. "सगळे चांगले आहात. पण तिथे मला ओढून घ्यायला दार नाही."

बायको म्हणाली, "अगं मग सांगायचं ना मला."

"कुठे सांगणार? बाहेरच्या खोलीत?"

यावर बायको हसली की रडली ते डॉक्टरांना आरशातून नीट दिसलं नाही, कारण तो त्यांनी आता पार वर फिरवून ठेवला होता. मायलेकी खूप वेळ बसल्या. डॉक्टर बसले. गाडीत कुणी बोलत नव्हतं आणि बायकोलाही ते जमत होतं, ही गोष्ट डॉक्टरांना नवीन होती.

पुढच्या आठवड्यात सुतार आला. बाहेरच्या खोलीत त्यानं दिवाणाच्या कडेनं लाकडी पार्टिशन घातलं, वर उजेडासाठी काच, आणि एक दार. खोली म्हणावी एवढी ती जागा नव्हती. आत दिवाण, कपाट आणि एक माणूस एवढंच मावे. सोफा अर्धा झाला. टीव्ही बघायला मान वाकडी करावी लागे. सासूबाईंनी आत जाऊन दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. कडी घालून बघितली. त्यानंतर त्या दुपारी खाली गेल्या नाहीत.

मग रोपवाटिकावाल्याचा फोन आला. गाडी घेतो म्हणाला. डॉक्टरांनी जरा आश्चर्यानं कारण विचारलं. तो म्हणाला, इतक्या गाड्या बघितल्या, प्रत्येक जण ठीक आहे म्हणतो आणि घरी नेली की दुखणी बाहेर पडतात. तुमच्या गाडीची सगळी दुखणी मला आधीच ठाऊक आहेत.

गाडी त्याच्याकडे पोचवायची होती. डॉक्टर एकटेच जाणार होते, पण सासूबाई म्हणाल्या मी येते, आणि मग बायको म्हणाली मीही येते, आणि घरात एकटीनं काय करू म्हणून लेकही आली. अशा रीतीनं घरातली सगळी माणसं त्या गाडीतून पहिल्यांदा एकत्र कुठेतरी निघाली, तीही गाडी देऊन टाकायला. सायलेन्सरनं आदल्या दिवशी शॉकअप बदलला होता, नळी नवी घातली होती, हवा, तेल, पाणी बघितलं होतं आणि त्याचे वेगळे पैसे लावले नव्हते. गाडी नेताना त्यानं बॉनेटवर हात ठेवला.

रस्ता शहराबाहेर पडला आणि चढायला लागला. मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगळीच निघाली. शहरात अंगावर येणारं तिचं धूड इथे अगदी मापाचं वाटत होतं. खड्डे आले आणि गेले. मोठ्या चाकांनी त्यांची दखल घेतली नाही. पुढे एक अरुंद पूल लागला, दोन्ही बाजूंना बुटके कठडे. डॉक्टरांनी वेग पार कमी केला. लेक एका खिडकीतून, बायको दुसऱ्या खिडकीतून खाली बघत होती, आणि दोघी आळीपाळीनं सांगत होत्या की आहे, आहे जागा, इकडे थोडं, बस. मंडईत एवढ्या सूचनांनी डॉक्टरांना घाम फुटला होता. इथे त्यांनी त्या ऐकल्या आणि गाडी अलगद पलीकडे गेली. पुढच्या वळणावर सगळं खोरं एकदम समोर आलं. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. ते सगळे आतूनच बघत बसले, कारण आतून जास्त उंचावरून दिसत होतं. लेकीनं विचारलं, आपण इथे आधी का नाही आलो. बायको म्हणाली, तुझी परीक्षा होती.

रोपवाटिकावाल्यानं कागदांवर सह्या घेतल्या, सगळ्यांना कॉफी दिली आणि सासूबाईंना हात देऊन उतरवलं. हिरवा टॉवेल गाडीतच राहू द्यायचा का, असं त्यानं विचारलं. राहू दे, त्या म्हणाल्या, लागेल.

परतीची बस भरलेली होती. सासूबाईंना खिडकीपाशी जागा मिळाली, लेक तिथेच त्यांच्या पायांशी पिशवीवर बसली. डॉक्टर आणि बायको वरचा दांडा धरून उभे होते. डॉक्टरांचा हात दांड्यापर्यंत जेमतेम पोचत होता. बस प्रत्येक खड्ड्यात सगळ्यांना उचलून आपटत होती आणि पुढे कुणाचं तरी बाळ एकसुरात रडत होतं.

बायको म्हणाली, "तू कुठे बसणार आता?"

डॉक्टर म्हणाले, "कधी?"

"संध्याकाळी."

डॉक्टरांनी खांदे उडवले. आपल्याबद्दल हे तिला कधीपासून ठाऊक होतं, हे विचारायचं त्यांना धाडस झालं नाही.

"मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचा स्टँड आहे," बायको म्हणाली. "तो बाथरूममध्ये मावेल. खुर्ची एक बसते तिथे, मी बघितलं मोजून. दार काचेचं आहे, पण घट्ट लागतं."

"पाठांतर ऐकू येईल."

"येईल थोडं," ती म्हणाली. "मी येईन कधीकधी. बोलणार नाही."

बस थांबली. आणखी माणसं चढली आणि दोघं एकमेकांजवळ ढकलले गेले.

"थोडं बोललीस तर चालेल," डॉक्टर म्हणाले.